खोबरेल तेलाचा दसरा

दसऱ्याच्या दिवशी दुपारी चार वाजता श्रीनिवासची गाड्यांच्या शोरूममध्ये अपॉइंटमेंट होती, आणि ती रद्द करायला लावायची तर माझ्या हातात फक्त सकाळ होती.

श्रीनिवास हा माझा नवरा. बँकेत रिस्क डिपार्टमेंटला आहे. काय काय वाईट होऊ शकतं याची यादी करायचा त्याला पगार मिळतो, आणि तेच काम तो घरी फुकट करतो. आमची गाडी जुलैत गेली. सिंगापुरात गाडीला दहा वर्षांचा परवाना असतो. तो संपला की नवा घ्या, नाहीतर गाडी मोडीत द्या. आमची दहा वर्षं भरली तेव्हा मी म्हटलं, आता थोडे दिवस बिनगाडीचं राहून बघू. तो म्हणाला, दसऱ्यापर्यंत. वाहन घ्यायला दसऱ्यासारखा मुहूर्त नाही, हे एरवी पंचांग उघडूनही न बघणाऱ्या माणसाने मला ऐकवलं.

ते तीन महिने माझे फार सुखात गेले. टॅम्पिनीसच्या आमच्या ब्लॉकपासून चांगी बिझनेस पार्कमधलं माझं ऑफिस सायकलने वीस मिनिटांवर आहे. सकाळी सातला झाडांच्या सावलीतून निघायचं, उतार आला की पाय थांबवायचे आणि मागच्या चाकाची टिकटिक ऐकायची. गाडीत बसून मी दहा वर्षं चिडले. पार्किंगवरून चिडले, सिग्नलवरून चिडले, पुढच्या गाडीतल्या माणसाच्या मानेवरून चिडले. सायकलवर मला चिडायला सुचतच नाही, आणि मला ओळखणाऱ्या कोणालाही यातलं आश्चर्य समजेल.

दुरुस्ती मला धम्मानंदने शिकवली. तो नागपूरचा, सेंगकांगला राहतो, एरवी बॅटऱ्यांवर संशोधन करतो आणि दर रविवारी आपल्या ब्लॉकखालच्या व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे मोकळ्या तळमजल्यावर, सतरंजी टाकून लोकांच्या सायकली नीट करतो. म्हणजे करत नाही, तुमच्याकडून करून घेतो. जुन्या टूथब्रशने चेन कशी घासायची, पंक्चर कसं काढायचं, वाकड्या चाकाचा आउट कसा काढायचा, सगळं त्याने शांतपणे दाखवलं. पहिलं पंक्चर मी स्वतः काढलं त्या दिवशी झोपलेल्या श्रीला उठवून ठिगळ दाखवलं होतं. गाडीच्या काचेसमोर एखादा पिवळा दिवा लागला की ती चार दिवस गॅरेजमध्ये जायची आणि परत आली तरी काय झालं होतं ते कळायचं नाही. सायकलचं कुठे दुखतंय ते डोळ्यांना दिसतं.

श्रीसाठीही धम्मानंदने एक चांगली सायकल मिळवून दिली होती, डिस्क ब्रेकवाली. म्हणजे चाकाच्या मधोमध एक चकचकीत पातळ चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे ब्रेक. श्री तिच्यावर तीन महिन्यांत मोजून चार वेळा बसला. त्याचं म्हणणं एकच असायचं, अप्पांचं काय?

अप्पा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर दोन वर्षांपूर्वी ते वाईहून आमच्याकडे आले. वय अठ्ठ्याहत्तर. पस्तीस वर्षं त्यांनी पिठाची गिरणी चालवली, त्यामुळे पट्टा, बेअरिंग आणि तेल या तीन गोष्टींवर त्यांचा फार विश्वास. त्यांना दवाखान्यात न्यायचं झालं तर, पावसात कुठे जायचं झालं तर, ही श्रीची यादी. आणि यादीच्या शेवटी नेहमीचं वाक्य, की अप्पांना गाडीत किती सुख होतं, बसल्या बसल्या कसे लहान बाळासारखे झोपायचे. हे खरंच होतं. गाडी पार्किंगमधून बाहेर पडायच्या आत अप्पांची मान छातीवर यायची. श्री मागच्या आरशातून त्यांना बघायचा आणि गाडी आणखी हळू चालवायचा.

अप्पांनी स्वतः कधीच काही म्हटलं नाही. पण वाईला फोन लावला की 'आमच्या श्रीनिवासची गाडी' हा विषय निघायचाच, आणि जुलैत ती ओढून नेली तेव्हा त्यांनी तिला हात जोडले होते. मी त्यांना शत्रुपक्षात धरून टाकलं होतं.

दसरा शनिवारी होता. आदल्या दिवशी खंडेनवमी. मी ऑफिसातून परतले तर हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरलेली. त्यावर श्रीची सायकल उभी, आणि तिच्यापुढे माझे पाने, ॲलन की, पंक्चरचं सामान, विळी, कात्री असं सगळं ओळीने मांडलेलं. टेक्का मार्केटमधून आणलेल्या झेंडूच्या माळा. अप्पा दुपारपासून घासत, पुसत बसले होते. सायकलचा तारन् तार चमकत होता. गिरणीची पूजा ते अशीच करायचे म्हणे. आधी पूर्ण ओव्हरहॉल, मग हळदकुंकू. माझी सायकल माझ्याबरोबर उशिरा घरी आली, म्हणून तिच्या वाट्याला नुसता कोरडा फडका आला.

"जे जे फिरतं त्याला तेल पाहिजे," अप्पा म्हणाले. "न बोलता चाललं पाहिजे यंत्र."

मला आनंद झाला. वाटलं, म्हातारा निदान सायकलीचा मान राखतोय. कुठे कुठे तेल लावलंत हे विचारायचं मला सुचलं नाही. चेनच्या तेलाची बाटली मी चपलांच्या कपाटात ठेवते, ती जागची हललेली नव्हती, हेही मी बघितलं नाही.

दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं असतं, गावाची शीव ओलांडायची असते. आमची शीव म्हणजे समुद्र. तो ओलांडून पुलाउ उबीन या छोट्या बेटावर जायचं हा माझा बेत होता. तिथे बंगला नाही, मॉल नाही, नावाला दोनचार गाड्या. लाकडी जुनी घरं, झाडं आणि सायकली. तिथे श्रीचं मन वळलं नाही तर कुठेच वळणार नव्हतं. अप्पा एकोणतीस नंबरच्या बसने चांगी व्हिलेजला येणार, आम्ही दोघं सायकलने, आणि पुढे तिघं होडीने.

निघाल्यावर पाच मिनिटांत मागून श्रीचा आवाज आला, ब्रेक मऊ लागतायत.

मी म्हटलं, "तुला सायकलवर सगळंच मऊ लागतं, एक सीट सोडून."

पुढे एकदा सिग्नलला तो पाय घासत थांबला आणि पुन्हा तेच म्हणाला. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मला वाटलं, याची यादी सुरू झाली. रस्ता सपाट होता, तो जपून चालवत होता, त्यामुळे चांगीपर्यंत काही झालं नाही.

होडीत अप्पा टोकाला वाऱ्यात उभे राहिले, आणि नावाड्याने दोनदा सांगितलं तरी बसले नाहीत. उबीनला उतरल्यावर धक्क्याजवळ भाड्याने सायकली देणारी दुकानं आहेत. त्यातल्या एका दुकानातल्या चिनी आंटीने अप्पांना खुर्ची दिली, शहाळं दिलं. आम्ही दोन तासांत येतो असं सांगून निघालो.

पहिला तास इतका छान गेला की मला मनातल्या मनात त्या शोरूमवाल्याची कीव येऊ लागली. श्री शीळ घालत होता. दोन जुन्या घरांपाशी त्याने थांबून फोटो काढले. एका रानडुकराला त्याने अदबीने रस्ता दिला. मी मनाशी म्हटलं, चारची अपॉइंटमेंट मेली. मग एक चढ आला. तो आम्ही सायकली ढकलत चढलो. माथ्यावर पाटी होती, पुढे उतार आहे, उतरून चालत जा. श्री पाटी वाचून थांबला, कारण पाटी म्हणजे त्याच्या दृष्टीने नियम. मी म्हटलं, अरे, एवढासा उतार आहे, बस की.

तो बसला. मी त्याच्या मागे होते. अर्ध्या उतारावर त्याने ब्रेक दाबल्याचं मला दिसलं, दोन्ही हातांनी, कोपर ताठ करून. सायकल हळू झाली नाही. एक बारीक किंचाळल्यासारखा आवाज आला आणि ती आणखी वेगात निघाली. खाली वळण होतं. श्रीने एकदाच माझं नाव घेतलं. मग वळणावर सायकल सरळ गेली, रस्ता सोडून गवतात, आणि दोघंही दिसेनाशी झाली.

मी कशी उतरले ते मला आठवत नाही. मी त्याला बसवलं होतं. त्याने दोनदा सांगितलं होतं आणि मी विनोद केला होता.

कमरेएवढ्या गवतात, पावसाने मऊ झालेल्या चिखलात तो उताणा पडला होता. चष्मा कानाला लोंबत होता. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही. हात हलवून बघितले, पाय हलवून बघितले.

"सविता," तो आभाळाकडे बघत म्हणाला, "ब्रेक मऊ नव्हते. ब्रेक नव्हतेच."

मी रडले, स्पष्टच सांगते. चिखलात बसून रडले आणि म्हटलं, माझं चुकलं, तू सांगत होतास. पडण्यापेक्षा त्याला याचंच जास्त आश्चर्य वाटलेलं दिसलं. तो मलाच थोपटायला लागला.

मग मी सायकल उचलली, तेव्हा वास आला. रविवारी सकाळी न्हायच्या आधी डोक्याला चोळतात तो वास. चाकाजवळ नाक नेलं तर चकती अजून गरम होती आणि तिच्यावरून खोबरेल तेलाचा घमघमाट सुटला होता. बोट फिरवलं तर तेल बोटाला आलं. जे जे फिरतं त्याला तेल. चकती फिरते. अप्पांनी तिला पुढूनमागून, मन लावून खोबरेल चोळलं होतं.

मी काही बोलायच्या आत श्री म्हणाला, हे अप्पांना कळता कामा नये. त्यांना म्हातारपणी हे वाटायला नको की मुलाला आपण पाडलं. मध्ये दगड आला असं सांगू.

पंचवीस वर्षांपूर्वी या माणसाशी आपण लग्न का केलं, ते मला त्या गवतात पुन्हा एकदा कळलं. पण त्याच वेळी हेही कळलं की मी हरले. चिखलाने माखलेल्या नवऱ्याला, सायकल किती चांगली, हे कोणत्या तोंडाने सांगणार? परतताना सायकली ढकलत अर्धा तास चाललो. गाडीचा विषय त्याने काढला नाही. काढायची गरज नव्हती.

वाटेत मी धम्मानंदला फोन केला. त्याने आधी पडलेल्या माणसाची नीट चौकशी केली आणि मग सायकलची. सगळं ऐकून म्हणाला, चकती भांड्याच्या साबणाने दोनदा धुवा, ब्रेकचे गुटके काढून पॉलिश पेपरवर घासा, आणि तरीही आज तिच्यावर बसू नका. उद्या मी नवे गुटके घालून देतो.

धक्क्यावर अप्पा उठून उभे राहिले. दगड आला मध्ये, असं श्रीने हसतहसत सांगितलं. अप्पांनी त्याचं कोपर उलटसुलट करून बघितलं आणि त्यांचा विश्वास बसल्यासारखा वाटला. तेवढ्यात मी मागितलेला साबण आणि पॉलिश पेपर घेऊन आंटी आली. चाकाशी वाकली, नाक मुरडलं, आणि सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "ऐय्या, कोकोनट ऑइल! हू पुट? चेन कॅन, ब्रेक कॅनॉट लाह!"

अप्पांना इंग्रजी बेताचंच येतं. पण कोकोनट, ऑइल आणि ब्रेक एवढे तीन शब्द पुरेसे होते. ते चाकाकडे बघत राहिले, मग खुर्चीवर बसले.

"मी लावलं," ते म्हणाले. "श्रीनिवास, तू माझ्यामुळे पडलास."

श्री त्यांच्यापुढे उकिडवा बसला. गवतच होतं, अप्पा, मजा आली, असं काहीबाही बोलू लागला. काहीतरी करायला हवं म्हणून अप्पांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. सकाळी बसस्टॉपजवळच्या कांचनाखालून त्यांनी पडलेली पानं वेचली होती. इथे आपटा नाही, आणि झाडाचं पान तोडायचं नाही हे मी त्यांना आधीच बजावलं होतं. ती जोडपानं त्यांनी सोनं म्हणून श्रीच्या हातात ठेवली, आणि त्या पानांबरोबर खिशातून एक गोळ्यांची पट्टी बाहेर आली. दहातल्या नऊ गोळ्या वापरलेल्या, एक शिल्लक.

श्रीने ती उचलून वाचली. त्याचा चेहरा उतरला. अप्पा, कसल्या गोळ्या, तब्येतीचं काय लपवताय, असं त्याने विचारलं. अप्पांनी पट्टी त्याच्या हातातून काढून घेतली.

"उलटीची आहे," ते म्हणाले. "मला गाडी लागते."

श्रीला कळेना. कुठली गाडी?

"तुझी. बंद काचा, तो वास, तो गारठा. पहिल्या दिवशीच पोट ढवळलं. मग निघायच्या आधी अर्धा तास गोळी घ्यायचो. गोळीने झोप येते."

"दोन वर्षं?"

"तुला इतका आनंद व्हायचा रे मला न्यायला. आरशातून बघायचास. कसं सांगणार?" अप्पांनी नाक पुसलं. "ती गेली तेव्हा मी तिला हात जोडले, सुटलो म्हणून. आता बसने जातो, वरच्या मजल्यावर पुढे बसतो. सगळं दिसतं. आज पुन्हा गाडी बघायला न्यायचास, म्हणून ही एक घेऊन ठेवली होती. आणि सायकल एवढी घासली ती का? म्हटलं, गुळगुळीत चालली तर तुला आवडेल, गाडी राहील बाजूला. तर हे झालं."

मी तीन महिने ज्यांना शत्रू समजत होते ते एकटेच, माझ्यापेक्षा जास्त नेटाने, माझ्या बाजूने लढत होते, आणि त्या लढाईत त्यांनी आमचा ब्रेक काढून घेतला होता. मला हसूही येत होतं आणि रडूही.

श्री उठला. धक्क्याच्या टोकापर्यंत गेला, फोनवर मिनिटभर बोलला आणि परत आला. शर्टाच्या बाह्या वर सारून तो सायकलपाशी बसला.

"अप्पा," तो म्हणाला, "हे चाक काढायचं कसं ते सांगा. सविता सांगायला लागली की ओरडते."

मग पाऊण तास बापलेक त्या चाकाशी बसले. चाक मी काढून दाखवलं, अजिबात न ओरडता. श्रीने चकती साबणाने धुतली, अप्पांनी चिमुकले गुटके पॉलिश पेपरवर गोलगोल घासले, पिठाचा बारीकपणा बघावा तशी बोटाने त्यांची धूळ बघितली, आणि पुन्हा घासले. आंटी मधूनमधून येऊन कॅन, कॅनॉट सांगत होती. श्रीने ब्रेक दाबला, चाक थांबलं. त्याने ते चार वेळा करून बघितलं.

"एवढंच असतं?" त्याने मला विचारलं.

एवढंच असतं, मी म्हटलं.

परत चांगीला आल्यावर श्रीने आपली सायकल धम्मानंदच्या सांगण्याप्रमाणे स्टँडला कुलूप लावून ठेवली आणि तो अप्पांबरोबर बसने गेला. मी एकटी निघाले. ऊन कलत होतं. माझ्या सायकलच्या हँडलला अजून झेंडूची माळ होती, आणि छातीवर तीन महिने बसलेलं काहीतरी उठून गेल्यासारखं वाटत होतं. सकाळी याच रस्त्याने मी नवऱ्याला टोमणे मारत आले होते. तो धडधाकट आहे, म्हाताऱ्याच्या मनावर ओझं राहिलं नाही, गाडी येत नाहीये, हे मी पुन्हा पुन्हा स्वतःशी म्हणत पायडल मारत होते.

खिशात फोन वाजला म्हणून झाडाखाली थांबले. श्रीने फोटो पाठवला होता. बसचा वरचा मजला, अगदी पुढची सीट, समोर मोठी काच. अप्पा दांडीला दोन्ही हातांनी धरून पुढे वाकलेले.

फोटोखाली वेळ होती चार वाजून दहा मिनिटं. श्रीने एकच ओळ लिहिली होती, बघ, अप्पा जागे आहेत.